बालकांची पोटाची शस्त्रक्रिया : वेदनेला वाटेतच अडविणारे बधिरीकरण

दोन वर्षांच्या मुलाच्या जांघेत, तो रडला किंवा खोकला की सुपारीएवढी गाठ वर येते आणि तो शांत निजला की दिसेनाशी होते, ही तक्रार घेऊन रुग्णालयात येणाऱ्या आईवडिलांची संख्या थोडीथोडकी नसते. हा अंतर्गळ, म्हणजेच हर्निया. शंभर बालकांमागे एक ते पाच बालकांत तो आढळतो. मुलींपेक्षा मुलग्यांत आणि पूर्ण दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बालकांत त्याचे प्रमाण अधिक असते. प्रौढ माणसाप्रमाणे स्नायू दुबळे झाल्यामुळे तो होत नाही. गर्भावस्थेत वृषण पोटातून खाली उतरताना जो मार्ग तयार होतो, तो पुढे बुजावयाचा राहून गेल्यामुळे होतो. तेव्हा औषध, लेप किंवा पट्टा यांपैकी कशाचाही त्यावर उपयोग होत नाही. आतडे त्या मार्गात अडकून बसण्याचा धोका असल्यामुळे शस्त्रक्रिया लांबणीवर टाकणेही इष्ट नसते.

शस्त्रक्रियेला आईवडील सहसा तयार होतात. अडते ते दुसऱ्याच ठिकाणी. मुलाला संपूर्ण भूल देऊन झाल्यावर पाठीच्या अगदी खालच्या टोकाला, माकडहाडाच्या किंचित वर आणखी एक इंजेक्शन द्यावयाचे आहे, असे भूलतज्ज्ञ सांगतात आणि घरातील एखादी वडीलधारी व्यक्ती म्हणते, “पाठीत सुई नको. पोराचे पाय लुळे पडले तर?” ही काळजी मायेपोटीच असते. परंतु या इंजेक्शनाने नेमके काय साधते आणि त्यात धोका किती असतो, याची माहिती नसल्यामुळे कित्येकदा नकार दिला जातो आणि ज्याच्या काळजीने तो दिला जातो, ते बालक पुढील रात्र वेदनेत काढते.

बालकाला वेदना होतात काय?

हा प्रश्न आज कोणाही आईला चमत्कारिक वाटेल. तथापि, विसाव्या शतकात बराच काळ वैद्यकशास्त्राने त्याचे उत्तर जवळजवळ नकारार्थी दिले होते. अर्भकाचे मज्जातंतू पुरते परिपक्व झालेले नसतात, त्यांच्यावरील आवरण अपुरे असते, म्हणून त्याला खरी वेदना कळत नाही आणि कळली तरी ती त्याच्या स्मरणात राहत नाही, असा समज रूढ होता. अर्भकांना गुंगीची औषधे पूर्ण मात्रेत देणे धोक्याचे, ही भीतीही त्यामागे होतीच. परिणामी अगदी १९८० च्या दशकापर्यंत अनेक नामांकित रुग्णालयांत नवजात बालकांवर मोठमोठ्या शस्त्रक्रिया होत, त्या केवळ नायट्रस ऑक्साइड हा सौम्य वायू आणि स्नायू शिथिल करणारे औषध यांच्या आधारे. स्नायू शिथिल झालेले बालक हालचाल करू शकत नसे, रडू शकत नसे. त्यावरून त्याला काही जाणवत नाही असे मानले जाई.

हा समज खोडून काढण्याचे पुष्कळसे श्रेय एका भारतीय डॉक्टरकडे जाते. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी आपल्या सहकाऱ्यांसह अपुऱ्या दिवसांच्या बालकांचा अभ्यास केला. हृदयाजवळील एक रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया या बालकांवर करावयाची होती. काहींना नेहमीच्या पद्धतीने नायट्रस ऑक्साइड आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिले. इतरांना त्याबरोबरच फेंटानिल हे प्रबळ वेदनाशामक दिले. ज्यांना वेदनाशामक मिळाले नाही, त्यांच्या रक्तातील ताणाची संप्रेरके आणि साखर कितीतरी अधिक वाढली आणि शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीही त्यांच्यातच जास्त आढळल्या. हा अभ्यास १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, नवजात बालकांनाही शस्त्रक्रियेच्या वेळी वेदनाशमन मिळालेच पाहिजे, अशी भूमिका जाहीर केली.

वेदना बालकाच्या स्मरणात राहत नाही, हा समजही टिकला नाही. जन्मानंतर लगेच बधिर न करता सुंता केलेले मुलगे चार ते सहा महिन्यांचे झाल्यावर लस टोचताना इतरांपेक्षा अधिक आक्रोश करतात, असे कॅनडातील टोरांटो येथील संशोधकांना १९९७ मध्ये आढळले. प्रसंग आठवत नसला, तरी मज्जासंस्था तो विसरलेली नसते.

निजलेला मेंदू, जागे मज्जातंतू

संपूर्ण भूल दिली की मेंदू निजतो. परंतु जेथे त्वचा आणि स्नायू कापले जातात, तेथून वेदनेचा संदेश मज्जातंतूंच्या वाटेने मज्जारज्जूकडे जातच असतो. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, ताणाची संप्रेरके रक्तात उतरतात. ही प्रतिक्रिया दाबून ठेवावयाची तर भुलीच्या वायूचे प्रमाण वाढवावे लागते किंवा मॉर्फिनच्या जातीची औषधे द्यावी लागतात. तान्ह्या मुलांत अशा औषधांनी श्वास मंदावण्याचा धोका असतो. शिवाय वायूचा अंमल उतरला की मूल जागे होते, ते थेट वेदनेतच.

विभागीय बधिरीकरणाची कल्पना याहून निराळी आहे. टेलिफोनची तार मध्येच खंडित केली असता बोलणारा कितीही ओरडला तरी पलीकडे काही पोहोचत नाही. तसेच मज्जातंतूच्या भोवती बधिर करणारे औषध सोडले की त्या तंतूच्या आवरणातील सोडियमचे सूक्ष्म मार्ग काही तास बंद होतात आणि वेदनेचा संदेश पुढे सरकत नाही. औषध उतरले की मार्ग पूर्ववत खुले होतात. तंतू तोडला जात नाही किंवा जाळलाही जात नाही, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावयास हवी, कारण ‘पाय लुळे पडतील’ या भीतीचे मूळ येथेच आहे.

ही विद्या आजची नव्हे. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखविले. १८९८ मध्ये जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बियर यांनी पाठीच्या कण्यात कोकेन देऊन शरीराचा खालचा भाग बधिर केला. १९०९ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयातील शल्यविशारद टिरेल ग्रे यांनी बालके आणि अर्भके यांच्यावरील अशाच प्रयोगांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. माकडहाडाजवळून देण्याची पद्धत अमेरिकेत मेरेडिथ कॅम्पबेल यांनी १९३३ मध्ये मुलांसाठी वापरली. पुढे संपूर्ण भुलीची औषधे सुधारत गेली आणि बालकांपुरती ही पद्धत जवळजवळ विस्मृतीत गेली. कोकेनपेक्षा निर्धोक अशी लिडोकेन (१९४३) आणि ब्युपिव्हकेन (१९५७) ही औषधे तयार झाल्यानंतर तिला पुन्हा चांगले दिवस आले.

माकडहाडाजवळचे इंजेक्शन

जांघेचा अंतर्गळ, अंडकोशात पाणी साठणे, वृषण खाली न उतरणे, बेंबीच्या खालच्या भागातील इतर शस्त्रक्रिया यांसाठी लहान मुलांत सर्वाधिक वापरले जाणारे बधिरीकरण म्हणजे ‘कॉडल’. पाठीच्या कण्याच्या शेवटी त्रिकास्थी नावाचे तिकोनी हाड असते. त्याच्या खालच्या टोकाला, नितंबांच्या फटीच्या वरच्या बाजूस, एक छोटे छिद्र असते आणि त्यावर पातळ पडदा असतो. प्रौढ माणसात ते छिद्र पुष्कळदा बुजत आलेले किंवा चरबीखाली दडलेले असते. सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलात मात्र ते बोटाने सहज चाचपता येते.

बालकाला प्रथम मुखवट्यातून वायू देऊन निजविले जाते, सलाइनची सुई लावली जाते आणि मग त्याला कुशीवर वळवून गुडघे पोटाशी घेतले जातात. म्हणजे पाठीतील सुईची त्याला जाणीवही होत नाही. प्रौढाला जागेपणी असे इंजेक्शन देतात, मग मुलाला निजवून का, असा प्रश्न पूर्वी तज्ज्ञांमध्येही वादाचा होता. घाबरून हलणाऱ्या मुलापेक्षा निजलेल्या मुलात सुई अधिक सुरक्षितपणे लावता येते, असा निर्वाळा युरोप व अमेरिका येथील बधिरीकरण-तज्ज्ञांच्या संस्थांनी २०१५ मध्ये संयुक्तपणे दिला आहे. सुई पडद्यातून आत जाताना हाताला हलकासा धक्का जाणवतो. रक्त किंवा मज्जारज्जूभोवतीचा द्रव सुईत येत नाही ना, हे पाहून औषध सावकाश सोडले जाते. सारे काम काही मिनिटांचे असते.

मज्जारज्जूला इजा होण्याच्या शंकेचे उत्तर शरीररचनेतच आहे. नवजात बालकात मज्जारज्जू कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो आणि मूल वर्षाचे होईतो पहिल्या मणक्यापर्यंत वर सरकतो. कॉडलची सुई शिरते ती त्याच्या कितीतरी खाली. अर्भकात मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाची पिशवी मात्र प्रौढापेक्षा थोडी खालपर्यंत आलेली असते, म्हणून सुई आत फार ढकलावयाची नसते. हे पथ्य प्रत्येक भूलतज्ज्ञाला शिकविले जाते.

मात्रेचा हिशेब मुलाच्या वजनावर बसतो. ब्रिटिश भूलतज्ज्ञ आर्मिटेज यांनी १९७९ मध्ये सुचविलेले कोष्टक आजही उपयोगात आहे. बैठकीच्या भागापुरती बधिरता हवी असल्यास दर किलो वजनामागे अर्धा मिलिलिटर, जांघेपर्यंत हवी असल्यास एक मिलिलिटर आणि बेंबीच्याही वर न्यावयाची असल्यास सव्वा मिलिलिटर औषध द्यावे, असे ते सांगते. दहा किलोच्या मुलाच्या अंतर्गळासाठी पाव टक्का ब्युपिव्हकेनचे दहा मिलिलिटर द्रावण लागते. त्यात पंचवीस मिलिग्रॅम औषध असते आणि दर किलोमागे अडीच मिलिग्रॅम ही मर्यादा तेथेच पूर्ण होते. म्हणून अधिक वरपर्यंत पोहोचावयाचे तर द्रावण पातळ करतात, औषध वाढवीत नाहीत. वजन काट्यावरच पाहिले पाहिजे, अंदाजाने चालत नाही, ते याचसाठी.

या बधिरतेचा अंमल चार ते सहा तास टिकतो. क्लोनिडिनची अल्प मात्रा मिसळली तर आणखी काही तास वाढतो. दरम्यान भुलीचा वायू कमी लागतो, मूल लवकर आणि शांतपणे जागे होते, दूध मागते. प्रौढांत अशा बधिरीकरणाने रक्तदाब उतरतो. साधारण आठ वर्षांखालील मुलांत तो फारसा उतरत नाही, हा निसर्गाने केलेला उपकारच म्हटला पाहिजे. काही तास पाय जड वाटतात, ते औषधाचाच परिणाम म्हणून. औषध उतरले की हा जडपणाही जातो.

या पद्धतीचे आणखी एक महत्त्व आपल्याकडील परिस्थितीत आहे. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यानंतर मॉर्फिनसारखी औषधे बाळगण्याचे परवाने आणि नोंदी यांच्या जाचामुळे अनेक रुग्णालयांनी ती ठेवणेच टाळले. २०१४ च्या दुरुस्तीने ही अडचण पुष्कळ हलकी केली. तरीही असे औषध दिलेल्या मुलाच्या श्वासावर रात्रभर लक्ष ठेवावयास प्रशिक्षित परिचारिका लागतात. कॉडलला साधी सुई, राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतील एक औषध आणि सरावलेला हात पुरतो. मात्र गरज पडल्यास श्वास चालविण्याची आणि हृदय सावरण्याची साधने जवळ असलीच पाहिजेत, त्यांच्याविना हे काम करू नये.

मोठ्या शस्त्रक्रियांसाठी

आतड्याचा भाग काढणे, यकृत किंवा मूत्रपिंड यांच्यावरील शस्त्रक्रिया यांत जखम मोठी असते आणि वेदना दोन-तीन दिवस राहते. एका इंजेक्शनाने भागत नाही. अशा वेळी पाठीच्या कण्यातील, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत केसासारखी बारीक नळी ठेवून त्यातून औषध थेंबाथेंबाने सोडतात. यास एपिड्यूरल म्हणतात. अर्भकाच्या या पोकळीतील चरबी मऊ, जवळजवळ पातळच असते. तिचा फायदा घेऊन दक्षिण आफ्रिकेतील भूलतज्ज्ञांनी १९८८ मध्ये दाखवून दिले की माकडहाडाजवळच्या छिद्रातून घातलेली नळी थेट छातीच्या मणक्यांपर्यंत सरकविता येते.

पोटाच्या वरच्या भागाला छेद दिलेले मूल वेदनेमुळे खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ साठून फुप्फुसाचा भाग मिटतो आणि मागोमाग ज्वर येतो. नळीतून वेदनाशमन चालू असले तर ही साखळी सुरूच होत नाही. तथापि, सहा महिन्यांखालील बालकाचे यकृत हे औषध सावकाश निकामी करते आणि औषधाला धरून ठेवणारे प्रथिनही त्याच्या रक्तात कमी असते. म्हणून त्याला मोठ्या मुलाच्या निम्म्या वेगानेच औषध द्यावे लागते. अशी सेवा जेथे रात्रंदिवस देखरेख शक्य आहे तेथेच द्यावयाची असते.

गेल्या पंचवीस वर्षांत तिसरी वाट रुळली आहे. पोटाच्या भिंतीला शेवटच्या सहा छातीच्या मज्जातंतूंचा आणि कमरेच्या पहिल्या तंतूचा पुरवठा असतो. हे तंतू पोटाच्या स्नायूंच्या दोन थरांमधून धावतात. नेमके त्या थरात औषध सोडले तर पाठीला सुई लावण्याची गरजच उरत नाही. आयर्लंडमधून २००१ मध्ये या पद्धतीचे वर्णन आले आणि पुढे तिला सोनोग्राफीची जोड मिळाली. पडद्यावर स्नायूंचे थर, सुईचे टोक आणि पसरणारे औषध ही तिन्ही दिसतात. जांघेतील तंतूंसाठी सोनोग्राफी वापरली असता पूर्वीपेक्षा कमी औषधात काम भागते, असे व्हिएन्नाच्या तज्ज्ञांनी २००५ मध्ये दाखविले. या पद्धतीला एक मर्यादा आहे. भिंत बधिर होते, आतली इंद्रिये नव्हेत. आतडे ओढले गेल्याची किंवा ताणले गेल्याची वेदना निराळ्या तंतूंतून जाते आणि तिच्यासाठी वेगळे औषध द्यावेच लागते.

अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांची गोष्ट थोडी वेगळी. संपूर्ण भुलीनंतर त्यांचा श्वास मधूनच थांबण्याचा धोका असतो, म्हणून अंतर्गळाची शस्त्रक्रिया केवळ कण्यातील बधिरीकरणावर, अर्भक जागे असताना करण्याची पद्धत अमेरिकेतील व्हरमाँट येथे १९८० च्या दशकात रूढ झाली. भुलीच्या वायूचा कोवळ्या मेंदूवर परिणाम होतो काय, हे पाहण्यासाठी सात देशांतील ७२२ अर्भकांचा अभ्यास झाला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, सुमारे तासाभराच्या एका भुलीने पाचव्या वर्षी बुद्धिमत्तेत फरक आढळला नाही. शस्त्रक्रिया टाळणाऱ्या पालकांना हा दिलासा आहे.

धोका किती?

कोणतेही बधिरीकरण संपूर्ण निर्धोक नाही. फ्रेंच भाषिक देशांतील २४,४०९ विभागीय बधिरीकरणांची नोंद १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत गुंतागुंतीचे प्रमाण हजारी एकाहून कमी होते आणि त्या सर्व घटना कण्याजवळील बधिरीकरणातील होत्या. अमेरिकेतील बालरुग्णालयांनी एकत्र येऊन एक लाखाहून अधिक बधिरीकरणांचा तपशील २०१८ मध्ये मांडला. त्यात कायमचे मज्जातंतूंचे अपंगत्व एकाही बालकाला आले नव्हते. तात्पुरता बधिरपणा किंवा तत्सम तक्रार दहा हजारांत दोन-तीन जणांत आढळली. औषध रक्तात उतरून झटका येणे किंवा हृदयाची गती बिघडणे असा गंभीर प्रकार दहा हजारांत एकाहूनही कमी होता. या शेवटच्या प्रसंगासाठी वीस टक्के स्निग्ध द्रावण शिरेतून देण्याचा उपाय आज उपलब्ध असून ते शस्त्रक्रियागृहात असणे अगत्याचे आहे. याखेरीज काही मुलांत बधिरता अपुरी पडते. तेव्हा नेहमीची वेदनाशामके द्यावी लागतात.

सुईच्या जागी पुरळ किंवा जंतुसंसर्ग असेल, रक्त गोठण्यात दोष असेल किंवा कण्याची रचना जन्मतः सदोष असेल तर हे इंजेक्शन देत नाहीत. मुलाच्या कमरेखाली केसांचा पुंजका, खळगा किंवा गाठ असल्यास ती आईने आपण होऊन दाखवावी. घाईत ती नजरेतून सुटू शकते.

आईवडिलांकडे असलेले काम

शस्त्रक्रियेपूर्वी पोट रिकामे ठेवावयाचे असते. सर्वसाधारणपणे जेवण सहा तास, आईचे दूध चार तास आणि नुसते पाणी दोन तास आधी बंद करतात. नेमकी वेळ भूलतज्ज्ञ सांगतील तीच पाळावी. मूल रडते म्हणून चोरून बिस्किट देणे जितके घातक, तितकेच आदल्या संध्याकाळपासून त्याला उपाशी ठेवणे अनावश्यक.

बोलता न येणाऱ्या मुलाची वेदना चेहरा, पायांची हालचाल, तळमळ, रडणे आणि समजाविल्याने शांत होणे या पाच लक्षणांवरून मोजतात. प्रत्येकास शून्य ते दोन गुण देऊन दहापैकी बेरीज केली जाते. आईला ही लक्षणे परिचारिकेच्याही आधी दिसतात, तेव्हा तिचे म्हणणे परिचारिकेने ऐकावे. याउलट पाच-सहा वर्षांचे मूल, आणखी सुई टोचतील या धास्तीने, “दुखत नाही” असे सांगते आणि अंग आखडून पडून राहते. त्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या पडून राहण्याकडे पाहावे.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बालकांच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. त्याखालील पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत येतात, तेव्हा जांघेतील गाठ त्यांना दाखविता येते.

सकाळी शस्त्रक्रिया झालेले मूल दुपारी हसत-खेळत घरी येते आणि घरच्यांना वाटते, औषधाची गरजच नाही. बधिरतेचा अंमल संध्याकाळी उतरतो. म्हणून लिहून दिलेले पॅरासिटामॉल मूल रडू लागण्याची वाट न पाहता, ठरल्या वेळी, वजनानुसार सांगितलेल्या मात्रेत द्यावे आणि रात्री झोपेतून उठवावे लागले तरी पहिल्या दिवशीचे डोस चुकवू नयेत. पाय पूर्ण सावरेपर्यंत मुलाला एकट्याने चालू देऊ नये, बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नये. सात-आठ तासांत लघवी झाली नाही, किंवा दुसऱ्या दिवशीही पाय हलेनासे वाटले, तर त्याच रुग्णालयात तत्काळ न्यावे.